पिंपाची ओटी

रिहे,
१८ जून

गौतमी,

आशीर्वाद आहेतच, ते पहिल्या ओळीत उरकते. फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. आमच्याकडे रेंज येते ती वाघजाईच्या देवळापुढच्या पारावर, आणि पारावर बोललेलं मी घरी पोचायच्या आत गावात पोचलेलं असतं. आताचं बोलणं तसं नाही.

आपल्या बचत गटाने यंदा जांभळाचा शिरका, व्हिनेगर म्हणतात तो, करायला घेतला. तुझे मामा साखरेच्या आजारासाठी सकाळी चमचाभर घ्यायचे तोच शिरका, आता बाटलीत आणि लेबल लावून. मार्गदर्शक म्हणून भूगावच्या वैष्णवी मॅडम आणल्या. बोलतात छान. त्यातलं अर्धं मला कळत नाही आणि उरलेलं त्यांना.

आम्ही जांभळं वेचली, गर उकळून गार केला आणि चार निळ्या पिंपांत भरला. मॅडमनी आणलेलं पाकिटातलं यीस्ट त्याच दिवशी घालायचं होतं. पण आमच्या अध्यक्ष सगुणाबाई म्हणाल्या, उद्घाटनाशिवाय कसं घालायचं? पाहुणे दोन दिवसांनी मोकळे होणार होते. तोवर नुसतं बसून काय करायचं, म्हणून पिंपांची ओटी भरायचं ठरलं.

हसू नकोस. विहिरीची भरतात, मग पिंपाने कुणाचं घोडं मारलंय? प्रत्येक पिंपाला खण गुंडाळला. पाच सवाष्णी पुढे झाल्या. ताटात तांदूळ, हळकुंड, नारळ आणि वाघजाईच्या देवराईतली ताजी जांभळं. आता ओटी घालायची पदरात, आणि पिंपाला पदर नाही. सगळ्या थांबल्या. सगुणाबाईंनी निकाल दिला, "तोंड हाय न्हवं त्याला? तितं घाला." नारळ-तांदूळ बाहेर ठेवायची अक्कल होती, जांभळं मात्र ओंजळीओंजळीने आत गेली.

मी बाजूला उभी होते. तुझे मामा गेल्यापासून अशा वेळी कुठे उभं राहायचं हे मला सांगावं लागत नाही. मागच्या भिंतीजवळचं चौथं पिंप मी एकटीने भरलं होतं, त्याला ओटी मिळाली नाही. ते शारदेचं आहे, राहू द्या, असं कुणीतरी म्हणालं.

पाहुणे आले, यीस्ट पडलं, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी चारही पिंपं थोडीथोडी फसफसली. मग ओटीची तिन्ही थंड पडली. वर पांढरी साय धरली, आणि वास येतो तो नखांना लावायच्या रंगासारखा. माझं पिंप उकळी फुटल्यासारखं चालू आहे.

यावरून गटाने असं काढलं, की विधवेच्या हाताच्या पिंपाने बाकीच्या तिन्हींचं सत्त्व ओढून घेतलं. वैष्णवी मॅडम याला निगेटिव्ह एनर्जी म्हणाल्या. सगुणाबाईंनी तेच मराठीत सांगितलं.

शेडची किल्ली आणि पिंपांची देखरेख माझ्याकडे आहे, ती काढून घ्यायचा विचार चालू आहे. ती गेली की आमच्या लेकाला, रोहितला, मला घेऊन जायला कारण मिळेल. महाळुंग्याच्या फ्लॅटमध्ये अकराव्या मजल्यावर त्याने माझी खोली तयार ठेवली आहे, पडद्यांसकट. मला माझं घर सोडायचं नाही. तू यीस्टसारख्या जिवांचाच अभ्यास करतेस ना? मग मला सांग, पिंपं मेली कशाने?

तुझी मामी


म्हैसूर,
२५ जून

मामी,

नमस्कार. पत्र वाचून वाईटही वाटलं आणि, खरं सांगते, हसूही आलं. पिंपाला खण!

आता कामाचं. अशा वेळी दहात नऊ वेळा कारण स्वच्छता हेच असतं. पिंपं गरम पाण्याने धुतली होती का? झाकणं? ढवळायची काठी? हात साबणाने धुतले होते का? मला तर वाटतं, घोटाळा तुझ्याच पिंपात असावा. एवढ्या जोरात फसफसतंय म्हणजे त्यात बाहेरचं जंगली यीस्ट शिरलं असणार. बाकीच्या तिन्हींत पाकिटातलं यीस्ट नीट जागं झालं नसेल.

पण अंदाजावर बोलणं बरोबर नाही. नमुने पाठव. बाटल्या नकोत, वाटेत फुटतील. कोऱ्या कागदाच्या पट्ट्या कर, दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरव, प्रत्येक पिंपातला एक थेंब एकेकीवर टाक आणि सावलीत वाळव. यीस्ट वाळलं तरी मरत नाही, झोपतं. इथे मी त्याला उठवेन. पट्ट्या वेगवेगळ्या घड्या करून पत्रातच घाल.

आणि मामी, एक सुचवू? गावात एवढा मनस्ताप सोसण्यापेक्षा चार दिवस बदल म्हणून कुठे गेलीस तर काय बिघडलं? वयाच्या या टप्प्यावर माणसाने आपल्या माणसांत असावं.

तुझी गौतमी


रिहे,
३ जुलै

गौतमी,

हात धुतले होते. पिंपंही धुतली होती. तुझ्या मामांच्या आजारपणात वर्षभर त्यांच्या जखमा मी धुतल्या, त्या चिघळल्या नाहीत. हे रागाने लिहीत नाही. हाच प्रश्न तू सगुणाबाईंना विचारला असतास का, एवढंच मनात आलं.

तुझ्या पत्राची शेवटची दोन वाक्यं रोहितची आहेत. "वयाच्या या टप्प्यावर" असं तू बोलत नाहीस. तो कंपनीत असं बोलतो. त्याला सांग, मामीने ओळखलं.

पट्ट्या घातल्या आहेत. एक ते तीन ओटीची पिंपं, चार माझं. पाचवीवर पाकिटाच्या तळाशी उरलेलं यीस्ट आहे. सहावी तू मागितली नव्हतीस. देवराईतल्या झाडाचं जांभूळ, न धुता, ओल्या कागदावर फिरवलं आहे. काही झाडं अजून शेवटची फळं टाकतायत. चारही पिंपांत गर तोच, पाणी तेच, पाकीट तेच. फरक शोधायला बसले तर दोनच सापडले. एक मी आणि दुसरी ओटी. मला तू तपासलंसच, म्हणून ओटीपण पाठवते.

इकडे मेलेल्या पिंपांवर लिंबू-मिरची बांधली आहे आणि माझ्या पिंपाभोवती रांगोळीने रेघ ओढली आहे. ती ओलांडूनच मला रोज ढवळायला जावं लागतं. नऊ ऑगस्टला बैठक आहे, किल्लीचा निर्णय तेव्हा.

माझ्या पिंपाला आता आंबूस, चांगला वास येऊ लागला आहे. काल चमचाभर घेतलं. तुझे मामा घेताना एक डोळा बारीक करायचे, तसा करून पाहिला. डोळा बारीक होतो. बाकी काही होत नाही.

तुझी मामी


म्हैसूर,
२४ जुलै

मामी,

आधी माफी मागते. हातांबद्दल, आणि त्या दोन वाक्यांबद्दल. रोहितदादाने फोन केला होता हे खरं आहे.

आता नीट वाच. एका बशीत यीस्टचं खाणं पसरून त्यावर पाकिटातल्या यीस्टचा पातळ थर उगवू दिला, शेतात दाट रोप यावं तसा. त्यावर तुझ्या पट्ट्यांवरचे जीव उठवून एकेक ठिपका ठेवला. तुझ्या पिंपाच्या ठिपक्याने काही केलं नाही, दोघं शेजारी सुखाने वाढले. पण ओटीच्या तिन्ही पिंपांच्या ठिपक्यांभोवती स्वच्छ गोल कडं पडलं. त्या कड्यात पाकिटातलं यीस्ट मेलेलं होतं. खाण्यात मिसळलेला निळा रंग मेलेली पेशी पिऊन घेते, जिवंत पेशी घेत नाही. कड्याची किनार निळीभोर झाली होती.

आणि सहावी पट्टी, देवराईच्या जांभळाची, तिच्याभोवतीही तसंच कडं. तिन्ही पिंपांतला जीव आणि जांभळाच्या सालीवरचा जीव एकच निघाला.

याला मारेकरी यीस्ट म्हणतात. ते एक विष तयार करून बाहेर सोडतं. ते विष शेजारच्या यीस्टच्या भिंतीला चिकटतं, आतल्या पडद्याला भोकं पाडतं, आतलं सगळं गळून जातं आणि पेशी मरते. विष सोडणाऱ्याला स्वतःला काही होत नाही, त्याच्याकडे त्याचा उतारा असतो. काही मारेकऱ्यांत तर विषाची कृती त्यांची स्वतःचीही नसते. पेशीत पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडलेल्या विषाणूची असते. तुमच्या वाघजाईच्या यीस्टचं तसं आहे का, हे अजून पाहायचं आहे. माणसाला या विषाने काही होत नाही, काळजी नको.

हे विष आंबट आणि गार जागी चांगलं चालतं. जांभळाचा गर, जून महिना, दगडी शेड. आणि तुमच्या पाहुण्यांनी त्याला दोन दिवस मोकळे दिले. ओटीतून आत गेलेलं यीस्ट तेवढ्यात वाढून बसलं, पाकिटातलं नंतर जाऊन आयतं त्याच्या तोंडी पडलं. तुझ्या पिंपाला ओटी मिळाली नाही म्हणून ते वाचलं.

हे पत्र बैठकीत वाच. आता कुणाला काही बोलता येणार नाही.

तुझी गौतमी


रिहे,
३० जुलै

गौतमी,

तीनदा वाचलं. कळलं असं वाटतं. एकच विचारते. एवढ्या सगळ्यांना मारून त्या जिवाने शिरका तरी केला का? तिन्ही पिंपं नुसती साय धरून बसली आहेत. म्हणजे काम करणाऱ्याला मारलं, काम स्वतःही केलं नाही, आणि जागा अडवून वर पांढरं पांघरूण घेतलं. हे यीस्ट मी ओळखते. मागची चार वर्षं ते आमचं अध्यक्ष आहे.

कुणाला काही बोलता येणार नाही, असं तू लिहितेस. तू आमची बैठक पाहिलेली नाहीस.

तुझी मामी


म्हैसूर,
४ ऑगस्ट

मामी,

हे बैठकीच्या आत पोचावं म्हणून घाईत टाकते. नाही, शिरका ते करणार नाही. त्याला शिरक्याशी देणंघेणं नाही, त्याला जागा आणि खाणं हवं असतं. आणि गर्दी असेल तरच विषाचा फायदा. मोकळ्या जागी सोडलेलं विष फुकट जातं. अध्यक्षांचं माहीत नाही, पण यीस्टचं असंच आहे.

पुरावा पुरावा असतो, मामी. बशीचे फोटो मोठे छापून सोबत घातले आहेत. फिरवायला दे.

गौतमी


रिहे,
१२ ऑगस्ट

गौतमी,

बैठक झाली. जशी झाली तशी सांगते, मध्येच पत्र खाली ठेवू नकोस.

शेडमध्ये सगळ्या जमल्या. सगुणाबाई खुर्चीवर, वैष्णवी मॅडम दुसऱ्या खुर्चीवर, बाकी आम्ही ताडपत्रीवर. किल्लीचा विषय निघायच्या आत मी तुझं पत्र वाचायला घेतलं. अवघड शब्द सोपे करत गेले. सवाष्णींचा दोष आहे असं कुठेही येऊ दिलं नाही. फक्त देवराईच्या जांभळावरच्या जिवाने पाकिटातल्या जिवाला मारलं, एवढंच सांगितलं. फोटो फिरवले. बायकांनी निळ्या किनारीवरून बोट फिरवलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. तू म्हणालीस तसंच. मला क्षणभर वाटलं, पोरगी जिंकली.

मग सगुणाबाईंनी फोटो हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि म्हणाल्या, "म्हंजी आईनंच मारलं की. बाजारातलं आईला चाललं न्हाई."

गौतमी, जिवात जीव आल्यासारख्या सगळ्या हलल्या. तीन पिंपं नासली, हे लाजेचं होतं ते बघता बघता मानाचं झालं. एकीने फोटोला हात जोडले. वैष्णवी मॅडम तर उठून उभ्या राहिल्या, म्हणाल्या ही स्टोरी आहे, ही आपण लेबलवर घेऊ. मारेकरी हा शब्द तेवढा नको, रक्षक म्हणू.

धोंडाबाई आमच्यात सगळ्यात म्हातारी, माझ्याच रांगेतली, तिचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली. ती म्हणाली, "आई लई मोटी हाय, पन शिरका कोन करनार?" तेव्हा कुठे मॅडम परत खुर्चीवर बसल्या. मी सुचवलं, ओटी झाकणावर ठेवू, आत नको. सगुणाबाईंना ते पटलं नाही, आईला झाकण दाखवायचं का? एकीने ओटीच बंद करू म्हटलं, तिच्याकडे कुणी बघितलंही नाही.

सगुणाबाईंनी विचार केला. त्या विचार करतात तेव्हा हातातल्या बांगड्या मागे सारतात. मग म्हणाल्या, "हिच्या पिंपाकडं आई गेली न्हाई. जानारच न्हाई, हिच्या हाताकडं कशाला जाईल? म्हंजी शिरका हिच्याच हातचा व्हनार. पिंपं शारदीनं भरायची, आनि शारदीसारक्यांनी. आमी सवाष्णी वटी येगळी भरू."

ठराव टाळ्या वाजवून मंजूर झाला. किल्ली माझ्याकडेच राहिली. ओटीचं एक पिंप, खणासकट, दर्शनी ठेवायचं आहे. पाहुणे आले की फोटो त्याच्याबरोबर.

मी हो म्हणाले.

तुझी मामी


म्हैसूर,
२० ऑगस्ट

मामी,

तू हो म्हणालीस? मी दोन आठवडे बशा लावल्या, त्या तुला रेघेच्या बाहेर काढायला. त्यांनी तीच रेघ शेडएवढी मोठी केली आणि तू टाळ्या ऐकून घेतल्यास? ज्या कारणाने तुला काढणार होते त्याच कारणाने ठेवलं, यात जिंकलं कोण? तू उठून सांगायला हवं होतंस, की माझ्या हाताचा आणि देवीचा काही संबंध नाही. तू शिकलेली बाई आहेस. तुझ्याकडून मला ही अपेक्षा नव्हती.

इथली बातमीही सांगून टाकते. आमच्या सरांना तुमचं यीस्ट फार आवडलं. आधी म्हणत होते, घरगुती लोणची-शिरक्यात वेळ घालवू नकोस. आता शोधनिबंध करायचा म्हणतात. पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. पट्ट्या कुठून आल्या याच्यापुढे "स्थानिक महिलेकडून" असं लिहिलं आहे. देवराईचं जांभूळ पाठवायची कल्पना तुझी होती, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं.

गौतमी


रिहे,
९ सप्टेंबर

गौतमी,

राग पोचला. सरांनी पान उलटल्यावर तू काय म्हणालीस ते पत्रात नाही. काही म्हणाली नसशील. तुला तिथे राहून शिक्षण पुरं करायचं आहे आणि मला इथे राहायचं आहे, एवढाच दोघींचा हिशेब. मी तुला बोल लावत नाही, तूही मला फार लावू नकोस.

बाकी तू लिहिलंस ते खरं आहे. मी उठून सांगायला हवं होतं. पण समजा सांगितलं असतं, तर माझ्या हातात आई येते की नाही यावर महिनाभर बैठका झाल्या असत्या आणि तोवर किल्ली सगुणाबाईंच्या कमरेला. मला विधवा म्हणाल्या याचं वाईट वाटायचं ते वाटून गेलं. मी विधवा आहेच. ते रोज सकाळी दोन कप काढून एक परत ठेवताना कळतं, त्याला ठराव लागत नाही. त्याचा गावाने एवढा उपयोग करून घेतला, तर थोडा मीही करते.

रोहित गणपतीला आला होता. खोलीचे पडदे बदलले म्हणाला. मी म्हटलं, बाबा, सध्या निघता येणार नाही, गावात विधवेला एवढी मागणी पूर्वी कधी नव्हती. त्याला ते आवडलं नाही. पण जाताना दोन बाटल्या मागून घेतल्या, ऑफिसात द्यायला. माझ्या पिंपाचा शिरका चांगला उतरला आहे. तुझ्यासाठी बाजूला ठेवलाय.

आता काम असं चालतं. पिरंगुटच्या शीतगृहात ठेवलेला गर आणून आम्ही नवी पिंपं लावली आहेत. मी, धोंडाबाई आणि खालच्या आळीची रंभाबाई. तिघींच्या घरी कुणी नसल्याने वेळेचं कुणाला विचारावं लागत नाही. सवाष्णी बाहेर दर्शनी पिंपाची ओटी भरतात आणि फोटो झाले की घरी जातात. सुरुवातीला त्या आमच्याकडे दुरून बघायच्या. मग महिनाअखेरीस हजेरीवर काम आणि पैसे कुणाच्या नावावर चढतात हे त्यांच्या लक्षात आलं, आणि बघणं बदललं.

परवा गंगूबाई शेडच्या दारात येऊन उभी राहिली. शाळेमागे राहते ती. तिचा नवरा सकाळी सातला प्यायला बसतो, त्यामुळे दुपारपर्यंत त्याचं दिवसाचं काम आटोपलेलं असतं. रंभाबाईने आत ये म्हटलं तर उंबऱ्याकडे बघत राहिली. शेवटी मला म्हणाली, "शारदाक्का, मलाबी घ्या की तुमच्यात."

मी म्हटलं, ठराव काय झालाय तुला माहीत आहे.

"व्हय," ती म्हणाली. "हाय माजा. पन त्याला धरू नका."

रंभाबाईने तोंडाला पदर लावला. धोंडाबाई एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. मीही हसले. पिंपावर हात टेकून, आवाज काढून. तुझे मामा गेल्यावर असं हसलेलं मला आठवत नाही, आणि हसता हसता तेच आठवलं, म्हणून थांबले.

गंगूबाईला मी म्हटलं, घेते तुला, सगुणाबाई आल्या तर त्यांच्याशी मी बोलेन. पण तसं बोलू नकोस. घरी गेलीस की दार उघडायला कुणीतरी आहे ना तुला, मग धर त्याला.

ती म्हणाली, "दार मीच उगडते आक्का. तो दारात पडलेला असतो."

मी पिंपाचं झाकण काढलं आणि ढवळायची काठी तिच्या हातात दिली.

तुझी मामी